श्रमाचा धनी कोण?
(वार्षिक संमेलनातील भाषण)



सन २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन लाभले. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा कंपनीने तशाच घाटाच्या चपला मिरविल्या. कोल्हापूरचे नाव मात्र आक्षेप आल्यावरच घेतले. परंतु परक्यांस दोष देताना आपणही अंतर्मुख व्हावे. कातडे कमावणारा, तळ कापणारा आणि वेणी गुंफणारी गृहिणी, यांपैकी कोणाचे नाव दुकानाच्या पाटीवर असते? मानांकनाची मालकी महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. कारागिरास अधिकृत वापरकर्ता म्हणून निराळी नोंद करावी लागते. ती प्रत्येक घराने करावी, आणि वेणी गुंफणाऱ्या भगिनींनी ती स्वतःच्या नावे करावी, एवढीच माझी नम्र विनंती आहे.