गाडी उभी असताना ऐका

गणपती जवळ आले की आम्हा पनवेलच्या गॅरेजवाल्यांना उसंत मिळत नाही. मुंबई-ठाण्याचा चाकरमानी गावी निघतो तो पनवेलवरून, आणि पळस्पे फाट्याला पुण्याचा जुना रस्ता सोडून गोव्याच्या रस्त्याला लागतो. माझं गॅरेज त्याच बाजूला. या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "दादा, पळताना गाडी एकदम मस्त आहे, पण उभी राहिली की थरथरते." आमच्या भाषेत, गाडी मिसिंग करते.

पळताना मस्त आहे ना, मग परत आल्यावर बघू, असं म्हणून लोक ही तक्रार अंगावर काढतात. पण गणपतीत गोव्याच्या रस्त्यावर गाडी पळते किती आणि उभी राहते किती, ते आठवा. कशेडीला बोगदा झाला, तरी माणगावची रांग सुटलेली नाही. रात्री दोन वाजता, एसी चालू, मागच्या सीटवर पोरं झोपलेली, आणि गाडी रांगेत बंद पडते. म्हणून आज याच एका दुखण्यावर बोलतो.

आधी उभ्या गाडीतच ते का जाणवतं, ते समजून घेऊ. तीन सिलेंडरची गाडी घ्या. उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८५० फेरे मारतं. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलेंडर एकदा पेटतो. म्हणजे एक सिलेंडर सेकंदाला सात वेळा, आणि तिन्ही मिळून एकवीस वेळा. त्यातला एक गप्प बसला की सेकंदाला सात धक्के कमी झाले. तीच थरथर तुमच्या हाताला स्टिअरिंगवर लागते. रेस वाढवली की फेरे वाढतात, फ्लायव्हीलचा जोर ती उणीव भरून काढतो, आणि तुम्हाला वाटतं, गेलं दुखणं. ते गेलेलं नसतं.

आता पहिली तपासणी. हिला पाना लागत नाही. गाडी चालू ठेवा, मागे जा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरा. धूर एकसारखा लागतोय की मध्येच ठेच लागल्यासारखा अडखळतोय? अडखळत असेल तर इंजिन मिसिंग करतंय. एकसारखा असेल आणि तरी केबिन हादरत असेल, तर इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती रबरं दबलेली असू शकतात. आम्ही त्याला फाउंडेशन म्हणतो. फाउंडेशन गेलेल्या गाडीचे प्लग बदलून काही होत नाही.

आपल्याकडे पुष्कळ गाड्या सीएनजीच्या आहेत, आणि तपासणीसाठी ती मोठी सोय आहे. एकदा गॅसवर ऐका, एकदा पेट्रोलवर ऐका. नुसत्या पेट्रोलवर थरथरत असेल तर संशय पेट्रोलच्या इंजेक्टरवर घ्या. नुसत्या गॅसवर थरथरत असेल तर आधी प्लग आणि कॉईल बघा, मग गॅसचा फिल्टर. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर वेळ मारून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो. दोन्हींवर थरथरत असेल तर दोन्हींना सामाईक अशा गोष्टी शोधायच्या: हवा, ठिणगी, कॉम्प्रेशन.

गेल्या वर्षी खांदा कॉलनीतले एक शिक्षक असेच आले होते. गुहागरला निघायचं होतं, मध्ये चार दिवस होते. दुसरीकडे तिन्ही प्लग आणि एक कॉईल बदलून झाले होते, आणि आता इंजेक्टर गेलेत असं त्यांना सांगण्यात आलं होतं. मी सरांना आत बसवलं, बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटं काही न करता ऐकत राहिलो. रेस आपोआप वर जायची, खाली यायची, पुन्हा वर. गॅसवर तेच, पेट्रोलवर तेच. रेस दोन हजारांवर धरली की सूर लागायचा. ही खूण हवेच्या गळतीची. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना मॅनिफोल्डमधली ओढ सगळ्यात जास्त असते, त्यामुळे बारीकशा भेगेतूनही हवा आत खेचली जाते. गाडीतला कॉम्प्युटर तिचा हिशोब जुळवायला धडपडतो, आणि रेस झोके घेते.

इंजिनातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये नेणारा एक रबरी पाइप असतो. वरून तो धडधाकट दिसत होता. मी बोट खालून फिरवलं, तर वळणावर भेग लागली, नखाएवढी. तिच्यावर बोट दाबून धरलं. रेस खाली आली. आतून सर म्हणाले, "थांबलं." बोट काढलं, थरथर सुरू. ठेवलं, थांबलं. तीनदा करून दाखवलं, कारण आधीच्या खर्चानंतर त्यांचा विश्वास बसणं कठीण होतं. नवा पाइप काही शेकड्यांत आला. जुने प्लग मला दाखवायला त्यांनी पिशवीत ठेवले होते. ते चांगले होते.

माझा आग्रह एवढाच आहे: आधी शोधा, मग बदला. पूर्वी प्रीमियर पद्मिनीच्या काळात मिस्त्री कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, थांबायचा, कान द्यायचा. आता हातात स्कॅनर आला आहे, आणि तो उत्तम वस्तू आहे. पण पी ०३०२ असा कोड आला, तर दुसऱ्या सिलेंडरला मिसिंग आहे एवढंच तो सांगतो. का आहे, ते आपण शोधायचं. सोपी रीत अशी: ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉईल असते, तिथे इंजिन बंद करून दुसऱ्या सिलेंडरची कॉईल पहिल्यावर लावा आणि पहिल्याची दुसऱ्यावर. कोड पी ०३०१ झाला, तर कॉईल दोषी. तसाच राहिला, तर कॉईल निर्दोष, पैसे वाचले. चालू इंजिनावर मात्र कॉईलला हात लावू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात.

पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी बघायला मी विसरत नाही. काही गाड्यांत वायपरखालच्या जाळीतून पाणी झिरपतं आणि प्लगच्या खोबणीत साचतं. आणि उंदीर. बाहेर पाणी तुंबलं की उंदरांना बॉनेटखालची ऊब आवडते, आणि इंजेक्टरची वायर कुरतडायला एक रात्र पुरते. थ्रॉटल बॉडीत कार्बन साचूनही गाडी उभी असताना थरथरते. तो साफ करता येतो, मात्र नंतर काही गाड्यांत स्कॅनरने रेस पुन्हा शिकवावी लागते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागला, तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत आणता येते. तो लुकलुकायला लागला, तर मिसिंग जबर आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आणि तो तापून खराब होतो. प्लगच्या खर्चात सुटणारं काम मग हजारोंवर जातं. बोरघाटात असं झालं, तर वर खंडाळ्याला पोचून बघू म्हणू नका. जागा बघून बाजूला घ्या.

आणि गावी निघायच्या आदल्या संध्याकाळी येऊ नका. आठ दिवस आधी या. शक्यतो सकाळी या, आणि गाडी रात्री आमच्याकडे ठेवून जाता आली तर फारच चांगलं. कितीतरी गाड्या थंड असतानाच मिसिंग करतात, आणि ती पहिली दोन मिनिटं आम्हाला स्वतः ऐकायची असतात.