बावीस फुटांची बर्फाची भिंत

ऑलिम्पिकमधला हाफपाइप तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिला असेल. मोठा पाइप उभा चिरून अर्धा भाग उतारावर ठेवावा, तशी ही बर्फाची घळ. दोन्ही बाजूंना सुमारे २२ फुटांच्या भिंती. खेळाडू त्यांच्याही वर उडतो, हवेत गिरक्या घेतो आणि पुन्हा त्याच भिंतीवर उतरतो. पडद्यावर तो बर्फ कापसासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो यंत्रांनी दाबून, तासून टणक केलेला असतो.

आज मला सारा बर्कबद्दल बोलायचं आहे. कॅनडाची स्कीपटू. स्कीवरचा हाफपाइप ऑलिम्पिकमध्ये यावा म्हणून ती वर्षानुवर्षं झगडली आणि २०११ मध्ये त्याला मान्यता मिळाली. १० जानेवारी २०१२ ला अमेरिकेतल्या पार्क सिटी इथे सराव करताना ती पडली. मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी फाटली, हृदय थांबलं. नऊ दिवसांनी ती गेली, वयाच्या २९व्या वर्षी. २०१४ मध्ये सोचीला तो खेळ प्रथमच ऑलिम्पिकमध्ये झाला, तेव्हा ती नव्हती. तिच्या आठवणीचं स्टिकर हेल्मेटवर लावायलाही खेळाडूंना परवानगी मिळाली नाही.

पार्क सिटीच्याच हाफपाइपमध्ये ३१ डिसेंबर २००९ ला केव्हिन पिअर्स हा स्नोबोर्डर डोक्यावर आपटला होता. हेल्मेट होतं. तो वाचला, पण त्याची स्पर्धात्मक कारकीर्द संपली. हेल्मेट कवटी वाचवतं. आत मेंदू हिंदकळतो, त्याला ते फारसं काही करू शकत नाही.

आणि पैशाचं काय? साराचा तो सराव प्रायोजकाच्या कार्यक्रमातला होता, म्हणून राष्ट्रीय संघटनेचा विमा लागू झाला नाही. इस्पितळाच्या बिलासाठी लोकांनी वर्गणी काढली. तीन लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. ऑलिम्पिकच्या दारापर्यंत खेळ नेणाऱ्या मुलीसाठी वर्गणी! मला ही गोष्ट अपघाताइतकीच बोचते.

‘पोरं वेडी आहेत, जिवावर उदार होतात’ असं म्हणणं सोपं आहे. पण गुण कशाला मिळतात ते पाहा. २०१० मध्ये व्हँकुव्हरला शॉन व्हाइटने साडेतीन गिरक्यांची उडी मारली, तेव्हा जग थक्क झालं. २०२२ मध्ये बीजिंगला आयुमु हिरानो तिहेरी कॉर्क मारून जिंकला. २०२५ मध्ये ॲस्पेनला हिरोतो ओगिवाराने बिग एअरमध्ये २३४० अंश, म्हणजे साडेसहा गिरक्या घेतल्या. कालची कमाल उडी आजची किमान अट होते. सरावाला आता हवा भरलेल्या गाद्या असतात. त्यांनी हाडं नक्की वाचतात, पण त्यांच्यावर शिकलेली उडी शेवटी टणक बर्फावरच मारायची असते.

त्यात वाऱ्याची भर. २०१८ मध्ये प्योंगचांगला महिलांच्या स्लोपस्टाइलची पात्रता फेरी वाऱ्यामुळे रद्द झाली. दुसऱ्या दिवशीही वारा होताच, तरी अंतिम फेरी घेतली गेली. जगातल्या उत्तमोत्तम मुली एकामागून एक पडल्या. पहिल्याच फेरीत सांभाळून, न पडता खाली आलेल्या जेमी अँडरसनला सुवर्णपदक मिळालं. नंतर अनेक जणींनी उघड सांगितलं, ही स्पर्धा आज व्हायला नको होती. वरती उभं असताना मात्र त्यांच्यापुढे दोनच पर्याय होते: उडी मारा, नाहीतर चार वर्षं थांबा.