माह्या पोराले कोन्या शाळेत टाकू?
(भाषणाचा मजकूर)



शिक्षणावर बोल म्हणालात. मी एकाच पोराबद्दल बोलतो. अमरावती-अकोला रस्त्यावरच्या खेड्यातलं, आपल्याच वस्तीतलं पोरगं. कानानं ऐकू येत नाही. माय निंदायला जाते.

सातवीपर्यंत ते जिल्हा परिषदेच्या शाळेत होतं. गटसाधन केंद्राचे विशेष शिक्षक पंधरा दिवसांनी यायचे. कंत्राटी माणूस, पण आला की समोर बसायचा, ओठ दाखवायचा, खुणा शिकवायचा. पोरगं नाव लिहू लागलं. आधी मायचं लिहिलं, मग स्वतःचं.

आठवीला खाजगी संस्थेच्या हायस्कुलात गेलं. हेडमास्तर म्हणाले, याचा मास्तर आमच्याकडे नाही, शहरातली मूकबधिर शाळा पाहा. तिथं जागा नाही. दुसरं हायस्कूल म्हणालं, पहिल्यांनीच घ्यायला पाहिजे होतं. माय मला विचारते, "भाऊ, माह्या पोराले कोन्या शाळेत टाकू? का बकऱ्या चारायले धाडू?"

कागदांची कमी नाही. २०१६ चा कायदा सांगतो, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या लेकराला फुकट शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या मर्जीनं. मान्यता किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेनं भेदभाव न करता दाखल करायचं. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि २०२२ साली केंद्र सरकारनं प्राथमिकला दहा लेकरांमागं एक आणि त्यावर पंधरांमागं एक विशेष शिक्षक ठरवला. २०२४ साली राज्य सरकारनं ४८६० पदं मंजूर केली. अपंगाला आता दिव्यांग म्हणतात. आपल्यालाही हरिजन म्हणून पाहिलं होतं. नाव गोड केलं की भाकर द्यावी लागत नाही!

मग पोरगं घरी काहून? कारण आपल्या भागात प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, हायस्कुलं बहुतेक संस्थांची. ही शालेय शिक्षण खात्याची. विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्यायकडे, डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणकडे. त्या मास्तरानं पोराबद्दल लिहिलेली वही केंद्राच्या कपाटात राहिली. टी.सी.वर जात लिहिलेली असते, ती मात्र न चुकता पोचते.

एका हायस्कुलात असं एक लेकरू, दुसऱ्यात तीन. एकट्या शाळेला मास्तर परवडत नाही, हे मी मानतो. पण अनुदानाचा प्रश्न निघाला की हेच संस्थाचालक एका मांडवात बसतात. १९३२ साली पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत संस्था काढली ती बहुजनांच्या पोरांना दार उघडायला. त्यांचा फोटो आज किती ऑफिसांत टांगलेला आहे! मग लेकरांसाठी एका मांडवात बसायला कोणी अडवलं?

आमचं मागणं मोठं नाही. तालुक्यातल्या सगळ्या हायस्कुलांची मिळून एक यादी. विशेष शिक्षकाचा प्रत्येक शाळेत ठरलेला वार. टी.सी.सोबत ती वही. आणि पोरगं ज्या दारात पहिल्यांदा उभं राहील, तिथंच दाखल. मास्तरची सोय नंतर आपसात करा. अमरावतीचे १४ तालुके, अकोल्याचे ७. सुरुवात आपल्या तालुक्यातून.

सोमवारी अकरा वाजता गटशिक्षणाधिकाऱ्याच्या दारात बसायचं आहे. माय येणार आहे, दिवसाची मजुरी बुडवून. तुमच्यातले कितीजण येता, आत्ताच हात वर करा.