ऊन, वारा आणि नकाशा



वर्सोव्याच्या कोळीवाड्यात बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळतात. या उद्योगास वीज लागत नाही. ऊन आणि वारा पुरेसा होतो. लागते ती मोकळी जागा. तिची नोंद नसेल, तर तिचे रक्षण कोण करणार? २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचे नकाशे करण्यास सांगितले. लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती आपणहून प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने कार्यालयांवर सोपविले. म्हणून असा नकाशा कपाटात न राहता कोळीवाड्याच्या चौकात लागावा. वाळवणीच्या जागेची सीमा कोळी भगिनीस स्वतः पाहता आली, तरच तिच्या हरकतीस अर्थ राहील. किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीसही हेच लागू आहे.