भट्टीजवळचे रसायनशास्त्र

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार तसा थोडाच. मी बी. ए., बी. एड.; विषय मराठी आणि इतिहास. आमचे विज्ञानाचे सर निवृत्त झाले, ती जागा भरली गेली नाही आणि आठवी-नववीचे विज्ञान माझ्याकडे आले. प्रयोगशाळेच्या कपाटात फुटक्या परीक्षानळ्या आणि लेबले गळून पडलेल्या बाटल्या होत्या. कोणत्या बाटलीत काय आहे हे मला ठाऊक नव्हते. तेव्हा ज्या वस्तूंची मला भीती वाटत नाही त्यांच्यापासून सुरुवात करावी असे ठरवले. मैदा, साखर, खाण्याचा सोडा, हळद, दही आणि विड्याच्या पानाला लावतात तो चुना.

पहिला प्रयोग नानकटाईचा केला. पातेल्यात वाळू पसरली, आत थाळी ठेवली, वर झाकण घातले, झाली भट्टी. (ते पातेले घरचे होते. त्याबद्दल मला जे ऐकावे लागले ते येथे सांगत नाही.) पिठाचे दोन भाग केले आणि दोन्हींत चिमूटभर हळद घातली. एका भागात सोडा बेताचा, दुसऱ्यात चौपट. भाजल्यावर पहिली नानकटाई पिवळसर निघाली, दुसरी तांबूस आणि चवीला साबणासारखी. मुलांनी तोंडे वाकडी केली आणि मग आपणहून विचारले, असे का? वर्षभर मी ज्या प्रश्नाची वाट पाहत होतो तो असा एका कडवट नानकटाईतून आला.

कारण सोपे आहे. सोडा तापला की त्याचे विघटन होते. 168 ग्रॅम सोड्यापासून 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, 18 ग्रॅम पाणी आणि 106 ग्रॅम सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, तयार होतो. वायू नानकटाई फुगवून निघून जातो, धुण्याचा सोडा मात्र आतच राहतो, आणि तोच हळदीला लाल करतो. पिठात दही असेल तर त्यातील आम्ल सोड्याला बरेचसे शमवते. आपल्या घरात सोड्याबरोबर दही का घालतात हे मुलींनी आजीला विचारले, तर आजी म्हणाली, "घालतात म्हणून घालतात." आजीचे चुकले नाही. तिला कृती माहीत होती, आम्ही कारण शोधले. चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला, वरचे निवळ पाणी घेतले आणि दही-सोड्याचा वायू नळीने त्यात सोडला. पाणी दुधाळ झाले. कार्बन डायऑक्साइड वर्गात सिद्ध झाला, खर्च आठ-दहा रुपये.

आता खमिराकडे येतो. येथे माझी चूक सांगणे भाग आहे.

नववीत एक मुलगा मागच्या बाकावर बसून झोपत असे. दोनदा मी त्याला उभे केले, एकदा वर्गाबाहेर काढले. त्याच्या वडिलांची पावाची भट्टी आहे आणि तो रात्री दोनपासून तेथे उभा असतो, याची चौकशी मी केली नव्हती. त्या दिवशी मी बाटलीत साखर आणि कोरडे खमीर घातले, वर गरम पाणी ओतले आणि तोंडावर फुगा चढवला. अर्धा तास झाला तरी फुगा लोळागोळा. मुले हसू लागली. तेव्हा मागून आवाज आला, "सर, पाणी कढत होतं. खमीर मेलं."

मी त्याला पुढे बोलावले. त्याने तीन बाटल्या मांडल्या. एकीत विहिरीचे गार पाणी, दुसरीत कोमट, तिसरीत कढत. कोमट पाणी त्याने मनगटावर थेंब टाकून पाहिले. आम्ही तापमापी लावली, 38 अंश सेल्सिअस भरले. कोमट पाण्याच्या बाटलीवरचा फुगा तासाभरात उभा राहिला, गार पाण्यावरचा कसाबसा हलला, कढत पाण्यावरचा तसाच पडून. खमीर म्हणजे सजीव सूक्ष्म बुरशी, साखर खाऊन वायू सोडते आणि साठ अंशांच्या आसपास मरते, हे पुस्तकात होते. उन्हाळ्यात खमीर कमी घालायचे, थंडीत वाढवायचे आणि मीठ जास्त झाले तर पीठ वर येत नाही, हे त्याच्याजवळ होते. पास्तरने किण्वनावरचा आपला निबंध 1857 साली मांडला. आमच्या वर्गाला ते त्या दिवशी समजले.

याच प्रयोगावरून एका पालकांनी मला मशिदीबाहेर गाठले. "मास्तर, खमिरात दारू तयार होते असे मुले सांगतात. खरे काय?" मी म्हटले, रसायनशास्त्राचे तेवढे सांगतो. किण्वनात थोडा अल्कोहोल होतो, तो 78 अंशांना उकळतो आणि भट्टीत बहुतेक उडून जातो. मसल्याचे उत्तर जाणकार उलेमांकडे आहे, माझ्याकडे नाही. ते गृहस्थ समाधानाने गेले आणि पुढच्या आठवड्यात स्वतः मैद्याची पिशवी घेऊन आले.

त्या मैद्याचे आम्ही गोळे मळले आणि पाण्यात धूत बसलो. पांढरे पाणी निघून गेले, हातात रबरासारखा चिवट लगदा उरला. तेच ग्लूटेन. बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या विद्वानाने ते असेच पीठ धुऊन वेगळे केले होते, 1745 साली त्याचे वर्णन छापले गेले. पांढऱ्या पाण्यात आयोडीन टाकताच ते निळे-काळे झाले, म्हणजे स्टार्च. तांदळाचे पीठ धुतले तर हातात काहीच उरेना. म्हणून तांदळाचा पाव फुगत नाही, वायूला धरून ठेवणारी जाळी त्यात नाही. मग भाकरी थापताना तुटत का नाही, असे एका मुलीने विचारले. मला सांगता येईना. तिच्या आईला शाळेत बोलावले. "मला सही येत नाही, मी काय शिकवणार?" म्हणत ती माउली आली आणि उकळत्या पाण्यात पीठ टाकून उकड काढून दाखवली. कढत पाण्याने स्टार्चचे कण फुगतात आणि एकमेकांना धरतात. त्या दिवशी वर्ग तिने घेतला, मी फळ्यावर लिहिले.

शेवटी आम्ही सगळे त्या मुलाच्या भट्टीवर गेलो. 50 ग्रॅमचा गोळा भाजल्यावर 44 ग्रॅम भरला. सहा ग्रॅम बहुतेक पाणीच गेले. शेकडा बारा तूट, हे गणित मुलांनी तेथेच केले. अर्ध्या पावांना दूध फासले, ते जास्त तांबूस झाले. प्रथिने आणि साखर यांच्यातल्या या क्रियेचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ माय्यार याने 1912 साली केले.

मुलगा समजावून सांगत होता आणि वडील दारात उभे राहून ऐकत होते. नववीनंतर शाळा बंद करून त्याला भट्टीवर बसवायचे त्यांनी ठरवले होते. त्यांची अडचण खोटी नाही. कामगार टिकत नाहीत, लाकूड महाग झाले. चहा देताना ते म्हणाले, "सर, हा शिकला तर भट्टी कोण पाहील?" मला उत्तर देता आले नाही. मी एवढेच मागितले की दहावी होईपर्यंत त्याला रात्री झोपू द्यावे. यंदा तो दहावीत आहे. वडील स्वतः दोन वाजता उठतात. परीक्षेनंतरचे अजून ठरलेले नाही, आणि आमचे त्यावर बोलणे चालू आहे.

येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता शाळेत नाचणीच्या बिस्किटांचा प्रयोग आहे. पालकांनी अवश्य यावे. येताना घरातले वाटीभर पीठ आणावे, कोणतेही चालेल. आणि कोणाकडे जुने, जाड बुडाचे पातेले असेल तर तेही आणावे. आमचे आता शाळेत नेण्याची मला परवानगी नाही.