केसपेपरवरचे शब्द



आज केसपेपरवर बोलायचंय. मनाच्या दवाखान्यात डॉक्टर माणसाला बघतो, ऐकतो आणि चार-पाच शब्दांत कागदावर उतरवतो. पुढचा प्रत्येक डॉक्टर आधी तो कागद वाचतो, मग माणूस. म्हणून ते शब्द आपल्याला कळले पाहिजेत.

'मूड' म्हणजे पेशंट स्वतः सांगतो ती मनाची अवस्था. 'अफेक्ट' म्हणजे डॉक्टरला त्याच्या चेहऱ्यावर दिसतो तो भाव. 'हॅल्युसिनेशन' म्हणजे भास. कुणी नसताना आवाज ऐकू येणं. 'डिल्यूजन' म्हणजे पुरावा समोर ठेवला तरी न हलणारी, त्याच्या माणसांनाही न पटणारी खोटी समजूत. 'इनसाइट' म्हणजे आपण आजारी आहोत याची जाण.

शब्द कामाचे आहेत. प्रश्न आहे, ते कोण कुणावर लावतो. हॉस्टेलातला पोरगा सांगतो, "जात कळल्यापासून सगळे माझ्यावर टपलेत." हे डिल्यूजन की हकीकत? हॉस्टेलात चौकशी न करता, नुसतं खुर्चीत बसून ते ठरत नाही. 'नजर मिळवत नाही' असं लिहितात. ज्यांच्या बापजाद्यांनी नजर वर केली म्हणून मार खाल्ला, त्यांची नजर खाली का, हेही लिहा की! आपली बाई म्हणते, "जीव घाबरतो, डोकं जड पडतं." ती दुःख अंगातून सांगते. तिचे शब्द तिच्याच बोलीत उतरले पाहिजेत.

१९७२ साली दलित पँथरनं ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, त्यांच्या अमेरिकेत काय झालं? १८५१ साली कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं गुलामाच्या पळून जाण्यालाच रोग ठरवलं: 'ड्रेपटोमेनिया'. त्यावर उपाय म्हणून चाबूक! १९६८ साली दोन मनोविकारतज्ज्ञांनी काळ्यांच्या बंडाशी वेडाची गाठ मारून 'प्रोटेस्ट सायकोसिस' हा शब्द काढला. गुलामी शहाणी, बंड वेडं!

पण म्हणून आजार नाहीच, सगळी व्यवस्थेची करणी, असंही बरळू नका. ज्याला रात्रंदिवस आवाज छळतात त्याला घोषणा नको, उपचार हवेत. मांत्रिक तर नकोच नको. जातीचा मार खरा असतो आणि आजारही खरा असतो. एकाच माणसात दोन्ही असू शकतात. कागदावर दोन्ही यायला हवेत.

कायदा आपल्या बाजूनं बोलतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ३ सांगतं, सामाजिक दर्जावरून किंवा समाजाची रूढ मूल्यं मानत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम २५ नं पेशंटला स्वतःचे वैद्यकीय कागद मागण्याचा हक्क दिलाय.

तेव्हा वस्तीतल्या माणसाला एकटं पाठवू नका. त्याची हरकत नसेल तर सोबत जा. त्यानं काय सोसलं ते डॉक्टरला सांगा. कागदावर काय लिहिलं ते विचारा. रात्री-अपरात्री कुणाचा जीव नकोसा झाला, तर १४४१६ या सरकारी 'टेलि-मानस' नंबरवर फोन लावून द्या, आणि उजाडेपर्यंत त्याच्याजवळ बसा.

आपल्याबद्दलचे शब्द हजारो वर्षं दुसऱ्यांनी लिहिले. हा कागद तरी वाचून घेऊ.

जयभीम!