चारशे फुटांखालचे आकाश



९ जानेवारी २०२५. लॉस एंजेलिसजवळ पॅसिफिक पॅलिसेड्स भागात वणवा पेटला होता. कॅनडाहून मदतीला आलेले ‘सुपर स्कूपर’ विमान आगीवर पाणी ओतत होते. शेजारच्या सँटा मोनिकात एका माणसाने पार्किंगच्या इमारतीवरून ड्रोन सोडला. आगीने काय काय जळले ते त्याला बघायचे होते. अडीच किलोमीटर लांब जाऊन ड्रोन नजरेआड झाला आणि त्या विमानाच्या डाव्या पंखाला जाऊन धडकला. पंखाला भोक पडले. आतले दोघेही सुखरूप उतरले, पण आग भडकलेली असताना विमान मात्र दुरुस्तीला गेले.

ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवावा, हा नियम त्या दिवशी पाळला असता तर एवढे घडले नसते.

भारतात ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा तीन रंगांत आहे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची, तर लाल भागात थेट केंद्र सरकारची परवानगी लागते. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. हौसेखातर दोन किलोपर्यंतचा ड्रोन उडवणाऱ्याला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. लग्नाचे शूटिंग मात्र धंदा ठरते. तिथे ड्रोन पाव किलोहून जड असेल तर प्रमाणपत्र हवेच. शिवाय पोलिसांचे स्थानिक बंदी आदेश असतात, तेही आधी बघावे लागतात.

हिरव्या रंगाने सगळे प्रश्न सुटत नाहीत. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बोल्सा चिका पाणथळीत एक ड्रोन कोसळला. हा शिकारी पक्षीच, असे समजून सुमारे ३,००० सुरय पक्षी घरटी टाकून उडून गेले. वाळूवर दीड हजारांहून अधिक अंडी तशीच पडून राहिली. पिल्ले जन्मलीच नाहीत.

चांगला ड्रोनवाला म्हणूनच उडवण्याआधी पाती तपासतो, बॅटरी पूर्ण भरतो, वारा बघतो. मांडवातल्या गर्दीच्या डोक्यावर तो ड्रोन नेत नाही. शेजारच्या गच्चीवर कुणी वाळवण घालत असेल, तर कॅमेरा तिकडे वळवण्याआधी विचारतो. आणि ड्रोनभोवती घार घिरट्या घालू लागली, की शॉट अर्धा सोडून तो ड्रोन खाली उतरवतो.